वडिलांच्या पायाला मुंग्या, चप्पल निघून गेली तरी कळत नाही. एनसीव्ही, एमआरआय, व्हीपीटी, नेमकं काय करायचं?

केळीचा_घड
मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, चोपडा तालुक्यातून लिहू राहिलो. आमचे आप्पा ६२ वर्षांचे, शेती केळी अन् थोडी कपाशी, शुगर ११ वर्षांपासून, मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू. वर्षभरापूर्वी पायाच्या अंगठ्याला मुंग्या येतात म्हणायचे, आम्ही मनावर घेतलं नाही, बसून बसून येत असतील म्हटलं. मग पोळ्याला बैल धुवायला नाल्यावर गेले अन् घरी आले तर एकाच पायात चप्पल. दुसरी निम्म्या रस्त्यात चिखलात पडलेली, यांना पत्ताच नाही. आई ओरडली, खडे टोचले नाहीत का, तर म्हणे "पाय कापूसवर ठेवेल शे असं वाटस". तेव्हा जरा धडकी भरली.

आता गोंधळ असा झालाय की गावातल्या डॉक्टरांनी नस दबली म्हणून सांगितलं, मग कुणीतरी म्हटलं नसांचा डॉपलर करा, तो केला, पैसे गेले अन् रिपोर्ट एकदम नॉर्मल. शुगरच्या शिबिरात पायाला थरथर देणारं एक मशीन लावलं तिथं व्हीपीटी ३२ लिहून दिलं, त्याच्यापुढे लाल पेनाने गोल. एका ठिकाणी कमरेचा एमआरआय लिहून दिला. अन् मेव्हणा म्हणतो एनसीव्ही, म्हणजे मज्जातंतूंचा वेग मोजायची टेस्ट कर, त्यात शॉक देतात अन् सुया टोचतात. आप्पा सुयांचं नाव काढलं की उठून मळ्यात जाऊन बसतात.

तर माझा प्रश्न, मज्जातंतू खराब झाले हे डॉक्टर नेमकं ठरवतात कसं, पहिले कोणती टेस्ट, अन् शॉकचं ते सहन होतं का? कुणाला अनुभव असेल तर सांगा, लई टेन्शन आहे.


ठसका_शिरपूर
मंगळवार, रात्री १०:५८

अरे भाऊ एवढ्या टेस्टा काय करतो, बी१२ चे पाच इंजेक्शन मारून टाक, आमच्या मामाच्या मुंग्या आठ दिवसात गायब. सगळे कमाईचे धंदे आहेत हे.


तापीकाठचा_फिजिशियन
मंगळवार, रात्री ११:३५

ठसका भाऊ थांबा जरा. बी१२ कमी असेल तर इंजेक्शन लागेलच, पण आधी रक्ताची बाटली भरू द्या, मग सुई मारा. एकदा इंजेक्शन गेलं की रक्तातली लेव्हल वर उडते, मग ती मुळात कमी होती की नव्हती हे ठरवायला मार्गच राहत नाही. माझ्याकडे दर आठवड्याला असा एखादा पेशंट येतो ज्याला मेडिकलवाल्याने चार लाल इंजेक्शनं दिलेली असतात अन् रिपोर्टमध्ये बी१२ दोन हजाराच्या पुढे.

केळीचा घड, तुमच्या आप्पांना न बघता निदान करणार नाही, ते चुकीचं होईल. पण डॉक्टर विचार कसा करतो ते सांगतो म्हणजे कुठे पैसे घालायचे ते तुम्हालाच कळेल.

पहिली अडचण आपल्या भाषेची. आपल्याकडे सगळ्यालाच नस म्हणतात. रक्त वाहणारी पण नस अन् मेंदूचा निरोप नेणारी पण नस. म्हणून मुंग्यांसाठी डॉपलर होतो. डॉपलर रक्तवाहिन्या बघतो, पायाला रक्त बरोबर जातंय एवढं त्यातून कळलं. शुगरच्या पेशंटला ते कळलेलं वाईट नाही, पैसे अगदीच वाया गेले नाहीत, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

दुसरं म्हणजे सगळ्यात महत्त्वाची टेस्ट टेबलावर फुकट होते. दोन्ही पायाला सारखं आहे का, बोटापासून सुरू होऊन मोज्यासारखं वर चढतंय का, की एकाच पायात कमरेपासून कळ उतरते? मुंग्या आहेत की ताकद गेली आहे, पायरी चढताना त्रास की चप्पल धरताना? चालू कधी झालं, चार दिवसांत की चार वर्षांत? दारू किती, तंबाखू किती, टीबीच्या किंवा कॅन्सरच्या गोळ्या झाल्या का, फवारणी कोण करतं, जेवण शाकाहारी का, घरात आणखी कुणाला असं आहे का. एवढं नीट विचारलं की अर्धं निदान तिथंच होतं. शुगरमध्ये सगळ्यात लांब तंतूंची टोकं आधी मरतात म्हणून पायाच्या बोटांपासून सुरुवात होते, अन् साधारण गुडघ्यापर्यंत चढलं की मग हाताच्या बोटांना सुरू होतं. ज्याला आधी हाताला आलं किंवा एकाच बाजूला आलं त्याच्यात शुगरवर खापर फोडून मोकळं होऊ नये.

मग तपासणी. डोळे मिटायला लावून अंगठा वर केला की खाली हे विचारतात. १२८ चा ट्युनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा दोन दातांचा चिमटा, वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवतात, थरथर कळते का, अन् थांबली कधी ते सांगायला लावतात, आम्ही तोच लगेच स्वतःच्या बोटावर ठेवून ताडून बघतो. दहा ग्रॅमची एक नायलॉनची तार असते ती तळव्यावर वाकेपर्यंत दाबतात, कळली तर हो म्हणायचं. टोकदार काडीने टोचून दुखतं का ते बघतात, गार-गरम बघतात. टाचेच्या वरच्या धोंडशिरेवर हातोडी मारून पाऊल उडतं का बघतात. मग उभं करून पाय जुळवून डोळे मिटायला लावतात. ज्याला पायाची खबर नाही तो डोळे मिटले की डुलायला लागतो, कारण तोवर तो डोळ्यांच्या जिवावर उभा असतो. आप्पांना एक विचारा, तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मोरीत तोल जातो का?

व्हीपीटी म्हणजे त्या ट्युनिंग फोर्कचंच विजेवर चालणारं भावंड. दांडी पायाला लावून थरथर हळूहळू वाढवतात, कळली की थांबायचं. २५ व्होल्टच्या वर गेलं तर पायाला जखमा व्हायचा धोका जास्त असं धरतात. ३२ म्हणजे आप्पांच्या पायाची जाणीव कमी झालीय हे खरं, पण ती कशामुळे झाली हे ते मशीन सांगत नाही. आधी आजपासून रात्री रोज दोन्ही तळवे बघा, बोटांच्या बेचक्यातसुद्धा. बॅटरी घेऊन बघा.


पापडवाली_धुळे
बुधवार, सकाळी ७:१२

शॉकचा अनुभव मी सांगते, भाऊ, घाबरू नका. माझं हाताचं होतं. आमचा पापडाचा गट आहे, उन्हाळ्यात तीन महिने उडीद कुटणं, लाटणं चालूच, तर रात्री दोन-तीन वाजता उजव्या हाताचा अंगठा अन् पुढची दोन बोटं अशी बधिर व्हायची की उठून हात झटकत बसायचे मग बरं वाटायचं. करंगळीला मात्र काही नाही. डॉक्टरांना फक्त एवढं सांगितलं, रात्री झटकते म्हटलं, तर ते हसले, म्हणे झटकता तिथंच कळालं, मनगटात नस दबतेय. मनगटावर टकटक केलं, दोन्ही हात उलटे वाकवून मिनिटभर धरायला लावले, तेवढ्यात मुंग्या चालू. मग पक्कं करायला एनसीव्ही.

डिसेंबरची सकाळ होती, धुळ्याची थंडी माहितीच आहे, रिक्षात बसून हात नुसते गोठलेले. तिथल्या बाईंनी माझा हात धरला अन् म्हणाल्या असं नाही चालायचं, अन् बादलीत कोमट पाणी आणून दहा मिनिटं दोन्ही हात बुडवून ठेवले, माझ्या तर मनात आलं टेस्ट आहे का मेनिक्युअर. नंतर हाताला चिकटपट्टीसारखे तुकडे चिकटवले, मनगटावर एक चिमटासारखं दोन टोकाचं यंत्र टेकवलं अन् टक. अंगठा आपोआप उडाला. दुखतं का तर कडक झटका लागतो, इस्त्रीच्या वायरला चुकून हात लागतो ना त्याच्यापेक्षा कमीच म्हणायचं, पण दर वेळी दचकायला होतं. कोपराजवळचा जरा जास्त लागला, मी "ओ माय" केलं. वीस-पंचवीस मिनिटं लागली. स्क्रीनवर डोंगरासारख्या रेघा येत होत्या, त्यांनी दाखवलं की करंगळीकडची नस लगेच पोचते अन् मधल्या बोटाची मनगटात रेंगाळते. सुई एकच टोचली, अंगठ्याच्या खालच्या मांसात, बारीक होती.

दोनच गोष्टी, आदल्या रात्री खोबरेल तेल चोळू नका, मला तेलकट हातामुळे पट्ट्या चिकटेना म्हणून स्पिरिटने घासले, अन् बांगड्या घरीच काढून जा, माझ्या निघता निघेनात, तिथं साबण मागायची वेळ आली.


एनसीव्ही_टेक्निशियन
बुधवार, दुपारी १:२०

ताईंनी बरोबर सांगितलं, गार हाताची गोष्ट खरी आहे, कातडी एक डिग्री गार झाली की वेग सेकंदाला साधारण दीड ते अडीच मीटरने पडतो, मग चांगला माणूस आजारी दिसतो. मी गेली नऊ वर्षं नाशकात हेच काम करतो, मूळचा अमळनेरचा. रोज आठ-दहा लोक शॉक देऊन घरी पाठवतो, अजून कुणी मेलेलं नाही.

आत काय चालतं ते थोडक्यात. नसेवर एका जागी छोटा करंट देतो अन् पुढे ठरलेल्या जागी पट्टी लावून तो कधी पोचला अन् किती मोठा पोचला हे बघतो. दोन जागांमधलं अंतर टेपने मोजायचं, वेळेने भागायचं, आला वेग. हाताच्या नसेत साधारण सेकंदाला ५० मीटरच्या वर, पायात ४० च्या वर असायला पाहिजे. हे वेगाचं मोजमाप पहिल्यांदा १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्या पायावर केलं होतं, तोपर्यंत मोठमोठे लोक म्हणायचे हे इतकं जलद असतं की मोजताच येणार नाही.

आता रिपोर्टमध्ये लोक फक्त वेग बघतात. दोन गोष्टी बघा, वेग अन् उंची. मोटारीच्या केबलचं धरा. वरचं प्लास्टिक सोललं असेल तर करंट पोचतो पण अडखळत, म्हणजे वेग पडतो. आतल्या तांब्याच्या तारांतल्या अर्ध्या तुटल्या असतील तर उरलेल्या तारा बऱ्यापैकी वेगाने नेतात पण लाट बुटकी येते. शुगर अन् बी१२ मध्ये बहुतेक दुसरा प्रकार जास्त. पहिला प्रकार दिसला की डॉक्टर वेगळ्या आजारांच्या मागे लागतात, कारण त्यातले काही औषधाने चांगले सुधारतात. म्हणून ही टेस्ट. नुसतं न्यूरोपथी आहे हे तर हातोडीनेच कळलेलं असतं.

सुईची टेस्ट म्हणजे ईएमजी, ती वेगळी. त्यात करंट देत नाहीत, सुई म्हणजे माईक समजा, स्नायूत घालून आवाज ऐकतो. स्नायू गप्प पडला असेल तर शांतता पाहिजे. नस तुटलेली असेल तर पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा टपटप आवाज येतो. नुसत्या शुगरच्या मुंग्यांना दर वेळी सुई लागतेच असं नाही, आप्पांना मळ्यातून परत बोलवा.

अन् एक, जाताना पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, शेवटी नको.


ठसका_शिरपूर
बुधवार, दुपारी २:०५

म्हणजे एनसीव्ही नॉर्मल आली तर नसा चांगल्या, विषय खल्लास?


एनसीव्ही_टेक्निशियन
बुधवार, दुपारी २:३१

नाही ना भाऊ, इथंच घोळ होतो. एनसीव्ही फक्त जाड तंतू पकडते. जळजळ, भगभग, गरम-गार, टोचणं हे सगळं बारीक तंतूंचं काम, ते आमच्या मशीनला दिसतच नाहीत. एक मावशी आली होती भुसावळहून, मे महिन्यात तळपायाला बर्फ बांधून झोपायची, तीन ठिकाणी सांगितलं एनसीव्ही नॉर्मल आहे, मनाचं आहे. तिचं नंतर मुंबईला घोट्याच्या वर दहा सेंटीमीटरवरून तीन मिलीमीटर कातडीचा तुकडा काढला, सुन्न करूनच काढतात, त्यात तंतू मोजले तर जवळपास नव्हतेच. शुगरची मोठी टेस्ट, ग्लुकोज प्यायला देऊन करतात ती, तिची आधी कुणी केलीच नव्हती. त्यात शुगर निघाली.


लाल_माती
बुधवार, रात्री ९:१५

मी नंदुरबार साईडचा. मला एक अनुभव टाकायचा होता कारण शेतकऱ्याच्या पायाला काही झालं की सगळे शुगर अन् कंबर यातच अडकतात. मागच्या वर्षी कांदा लावणीला मजूर मिळाले नाहीत म्हणून मी अन् बायको दोन दिवस उकिडवं बसून लावत होतो, सकाळी सहा ते अंधार पडेपर्यंत. तिसऱ्या दिवशी उठलो तर उजवा पंजा वर उचलेना, चालताना फटक फटक आपटायचा, पायरीला बोटं अडकायची. लोकांनी लकवा म्हटलं, एकाने तर भगताकडे न्यायची तयारी केली.

डॉक्टरांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाची गोटी लागते ना तिथं बोटाने टकटक केलं अन् माझ्या पावलावर करंट उतरल्यासारखं झालं. ते म्हणाले कांदा, कपाशीची निंदणी अन् लगोलग वजन कमी झालेले लोक, यांच्यात ही नस इथं दबते. चौथ्या दिवशी एनसीव्ही केली तर मजा बघा, घोट्यावर शॉक दिला तर पावलातला स्नायू झकास उडाला, गोटीच्या खालून दिला तरी उडाला, अन् गोटीच्या वरून दिला की मेलेला. ठिबकची नळी जिथं दुमडली आहे तिथं बोट ठेवावं तशी नेमकी जागा सापडली. पण सुईची टेस्ट त्यांनी तेव्हा केलीच नाही, म्हणाले तार तुटली असेल तरी सुईत दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, आत्ता केली तर खोटी नॉर्मल येईल. तीन आठवड्यांनी गेलो, सुईत काही निघालं नाही, म्हणजे नुसती दबली होती, तुटली नव्हती. अडीच महिन्यात पंजा उचलायला लागला. तुटली असती तर नस दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढते म्हणे, मग हिशोब करत बसलो असतो.


जामनेरची_लेक
बुधवार, रात्री ९:५०

एक विचारू का डॉक्टर, ते पुण्यात जीबीएस, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार, आलं होतं जानेवारी २०२५ ला सिंहगड रोडकडे, तसलं तर नसेल ना आप्पांना? त्यात पण पायापासूनच सुरू होतं असं वाचलं होतं.


तापीकाठचा_फिजिशियन
बुधवार, रात्री ११:०२

नाही ताई, वेळ बघा. जीबीएस तासा-दिवसांत चढतो, आज पायरी चढता येत नाही, परवा उठता येत नाही, जास्तीत जास्त चार आठवड्यांत जे व्हायचं ते होऊन जातं. त्यात मुंग्यांपेक्षा ताकद जाणं मुख्य, अन् बहुतेक वेळा आधी जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेलेला असतो. आप्पांचं वर्षभर चालू आहे. जीबीएसमध्ये पहिल्या आठवड्यात एनसीव्ही अन् पाठीतलं पाणी दोन्ही नॉर्मल येऊ शकतं, म्हणून तिथं रिपोर्टची वाट न बघता भरती करतात, श्वास मोजत राहतात. तसंच दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर होऊन लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच रात्री गाडी काढायची, तेव्हा एमआरआय तातडीने पाहिजे.

एमआरआयचं आता बोलतो कारण आप्पांना लिहून दिलाय. एमआरआय फोटो आहे. मणका, गादी, दबलेलं मूळ दिसतं. तंतू काम करतो का नाही ते त्यात दिसत नाही. साठीच्या कुठल्याही माणसाचा, त्यातून आयुष्यभर केळीचे घड उचललेल्या माणसाचा कमरेचा एमआरआय काढला की दोन-तीन गाद्या सरकलेल्या निघणारच, मग पायाच्या मुंग्यांचं बिल त्या गादीवर फाटतं. कंबर दुखून एका पायात कळ उतरत असेल, ताकद गेली असेल तर जरूर काढा. दोन्ही तळवे सारखेच बधिर अन् कंबर ठणठणीत, तर मी थांबेन. एक अपवाद. घोट्याची हातोडी शांत पण तळव्यावर किल्ली ओढली की अंगठा खाली जायच्या ऐवजी वर जातो, असं दिसलं तर मणक्यातल्या दोरीलाच मार बसलाय, बी१२ मध्ये हे होतं, मग एमआरआय लागतो पण मानेचा अन् पाठीचा, कमरेचा नाही.

रक्तात मी काय बघतो तर एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, बी१२, थायरॉइड, किडनीसाठी क्रिएटिनिन, रक्तपेशी मोजायची सीबीसी अन् या वयात प्रोटीनची इलेक्ट्रोफोरेसिस नावाची टेस्ट. एचआयव्ही पण बघतो, विचारून. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी१२ हळूहळू खाली येतं हे पक्कं माहीत आहे, अन् घरात कुणी अंडं-मटण खात नसेल तर आणखीच. मग शुगरमुळे का बी१२ मुळे असा वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही असतं. पण गोळी मनाने बंद करू नका.

अन् एक गोष्ट जी लोक ऐकताच गप्प होतात. अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, जिथं टोचलं तर कळत नाही, घाम येत नाही, केस गेलेत? मी प्रत्येक बधिर पेशंटचा कोपर चाचपतो, आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागते का, कानाच्या मागची, गुडघ्याच्या गोटीजवळची. कुष्ठरोग २००५ ला देशपातळीवर दहा हजारात एकाच्या खाली आला, पण त्याचा अर्थ संपला असा नाही, आमच्याकडे दर वर्षी नवे सापडतात. कानाच्या पाळीतून कातडीचा रस घेऊन तपासतात, त्याच्या एमडीटी नावाच्या एकत्र औषधांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट, सहा महिने किंवा वर्षभर. लवकर धरला तर हाताची बोटं वाचतात. घरच्यांनी त्या शंकेला शिवी समजू नये एवढंच.

फवारणी कोण करतं हे पण सांगा. काही फॉस्फेटवाल्या औषधांची जोरदार विषबाधा झाली तर ती बरी होऊन दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडतात. बाटलीचा फोटो काढून न्या, नाव तोंडपाठ कुणालाच नसतं.


केळीचा_घड
नऊ दिवसांनी, रात्री ८:२२

सगळ्यांचे मनापासून आभार, उशीर झाला, मध्ये केळीची कटिंग होती.

आप्पांना जळगावला नेलं. मोरीत तोल जातो का विचारलं तर आईच म्हणाली, महिन्याभरापासून एक हात नळाला धरूनच तोंड धुतात, आम्हाला वाटलं सवय. डॉक्टरांनी अर्धा तास नुसतं बोलणं अन् तपासणं केलं, आप्पांना आश्चर्य, म्हणे पहिल्यांदा कुणी माझे पाय हातात घेतले. ती फोर्कची थरथर अंगठ्याला काहीच नाही, घोट्याला काहीच नाही, गुडघ्याला आली तेव्हा आप्पा एकदम "हां, आनी" म्हणून उठले. नायलॉनच्या तारेत दहापैकी तीनच ठिकाणी हो म्हटले. डोळे मिटून उभं केलं तर डॉक्टरांनी दोन्ही बाजूला हात धरून ठेवले होते म्हणून बरं. किल्ली ओढली, अंगठा खालीच गेला. कोपर, कान सगळं चाचपलं, ते काही नाही. आडवं अन् मग उभं करून बीपी घेतलं, वरचं २४ ने पडलं, म्हणे शुगर बीपी सांभाळणाऱ्या आतल्या नसांना पण लागली आहे, रात्री उठताना आधी पलंगावर बसून राहायचं.

बी१२ आलं १३८, म्हणजे कमी, अन् एचबीए१सी ९.१, म्हणजे शुगर वाढलेली. थायरॉइड ठीक. एमआरआय नको म्हणाले सध्या.

एनसीव्ही पण झाली. सुई टोचलीच नाही. आप्पा बाहेर येऊन म्हणतात एवढ्यासाठी मला घाबरवलं, फवारणी पंपाच्या बॅटरीचा याच्यापेक्षा जास्त बसतो. रिपोर्टमध्ये सुरल दोन्ही बाजूला नॉट रेकॉर्डेबल, पेरोनियल वेग ३८ अन् ॲम्प्लिट्यूड कमी लिहिलंय, हाताच्या नसा नॉर्मल. खाली लेन्थ डिपेंडंट अ‍ॅक्सोनल असं काहीतरी. टेक्निशियन दादा, हे किती वाईट आहे?


एनसीव्ही_टेक्निशियन
त्याच रात्री, ९:०५

सुरल म्हणजे पिंडरीच्या मागून पायाच्या बाहेरच्या कडेला जाणारी, नुसत्या जाणिवेची नस. तिथून लाट आलीच नाही. साठीच्या पुढे ती तशीही बुटकी होते, पण दोन्हीकडे पूर्ण गायब अन् बाकीची तपासणी पण तेच सांगते, तर खरी मानायची. पेरोनियल म्हणजे गुडघ्याच्या गोटीजवळून पंजा उचलायला जाणारी नस. तिचा वेग ३८ म्हणजे चाळीसच्या थोडंच खाली, प्लास्टिक फार सोललेलं नाही, पण लाटेची उंची कमी, म्हणजे तांबं कमी झालंय. खाली लिहिलेल्या इंग्रजीचा अर्थ हाच, सगळ्यात लांब तंतूंची आतली तार आधी गेली. हात अजून वाचलेत. फाईल जपून ठेवा, वर्षा-दोन वर्षांनी परत केली तर ह्याच्याशी ताडून बघता येईल, अन् शक्यतो त्याच मशीनवर करा.


पापडवाली_धुळे
त्याच रात्री, ९:४०

बरं झालं भाऊ, कारण तरी सापडलं. आप्पांना मळ्यात मागून पट्टा असलेली चप्पल नाहीतर बूट घेऊन द्या, अंगठ्याची नको.


केळीचा_घड
त्याच रात्री, १०:१५

घेतले ताई, मऊ तळव्याचे, बंद बूट. डॉक्टरांनी सांगितलं घालायच्या आधी उलटे करून झटकायचे. पहिल्याच दिवशी झटकले तर आतून केळीच्या बांबूची चिप्पट पडली, बोटभर लांब. आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. इंजेक्शनचा कोर्स उद्यापासून, रक्त आधी दिलंय.